चाचणीत चालणं ठीक, रस्त्यावर पाय ओढतो

प्रश्न : माझं वय ३६. पाच वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मज्जातंतूंवरचं आवरण झिजण्याचा आजार आहे. खामल्याहून मेट्रोनं सीताबर्डीला येते आणि तिथून ऑफिसपर्यंत पायी जाते. मागच्या तपासणीत मला २५ फूट चालवून घड्याळ लावलं. सहा सेकंद आले. चालणं स्थिर आहे, असं डॉक्टर म्हणाले. पण ऑफिस अर्ध्यावर आलं की माझा उजवा पाय ओढायला लागतो, चप्पल फरशीला घासते. घरी तपासणीचा कागद दाखवल्यापासून सासूबाई म्हणतात, सगळं ठीक तर आहे, मग बसतेस कशाला? मी खोटं तर बोलत नाही ना, असं आता मलाच वाटू लागलं आहे. – एक वाचक, खामला

उत्तर : ताई, तुम्ही खोटं बोलत नाही आहात. सहा सेकंद खरे आहेत आणि ओढणारा पायही खरा आहे. पंधरा पावलांत पायाला थकायला वेळच मिळत नाही, एवढंच.

२५ फूट म्हणजे साडेसात मीटरच्या थोडं वर. पडणार नाही अशा बेतानं, जमेल तितक्या वेगानं हे अंतर दोनदा चालायचं आणि सरासरी काढायची. वेग मोजायला ही चाचणी उत्तम आहे. एकाच माणसाची वेळ आधीपेक्षा २० टक्क्यांनी वाढली, तर तो बदल दखल घेण्याजोगा धरतात. तुमचे सहा सेकंद पुढच्या वेळी सव्वासात झाले, तर डॉक्टर कागद खाली ठेवून तुमच्याकडे नीट बघतील. पण दम किती टिकतो, हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी सहा मिनिटं चालण्याची चाचणी मागून घ्या. मी ती घेते तेव्हा पहिल्या मिनिटाचं अंतर वेगळं लिहिते आणि सहाव्याचं वेगळं. शिवाय कान देऊन ऐकते, की पाय घासल्याचा आवाज कितव्या मिनिटाला सुरू झाला. तुमच्यासारख्या रुग्णाचं दुखणं नेमकं त्या शेवटच्या मिनिटांत असतं. सहा मिनिटं झेपत नसतील तर दोन मिनिटांचीही चाचणी आहे.

तुमच्या फाइलमध्ये ईडीएसएस असा एक आकडाही असेल, या आजारानं आलेलं अपंगत्व मोजणारा, ० ते १० मधला. न्यूरोलॉजिस्ट कुर्ट्झकी यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही मोजपट्टी ४ च्या पुढे मुख्यतः चालण्यावर ठरते. आधाराशिवाय, न थांबता साधारण ५०० मीटर जाता येत असेल तर ४, ३०० असेल तर ४.५, २०० ला ५, १०० ला ५.५. एका बाजूनं काठी लागली की ६. गर्दीच्या ओपीडीत एवढं अंतर चालवून बघायला जागा कुठून आणणार? म्हणून बरेचदा तोंडी विचारतात आणि आपण सांगतो, 'चौकापर्यंत जाते'. चौक कोणता, किती लांब, मध्ये कितीदा थांबलात, हे कागदावर येतच नाही. मोबाइलच्या नकाशावर सीताबर्डी स्टेशन ते ऑफिस अंतर मोजा, पाय कुठं ओढायला लागतो ती जागा धरा आणि डॉक्टरांना मीटरमध्ये सांगा. या एका आकड्यानं बराच फरक पडतो.

आता उन्हाचं. तुम्ही महिना लिहिलेला नाही, पण नागपुरात हे विचारावंच लागतं. अंगाचं तापमान थोडं जरी वाढलं, तरी आवरण झिजलेल्या मज्जातंतूंतून संदेश नीट जात नाहीत. पाय जड होतो, कुणाला अंधुक दिसतं. डोळ्यांचे डॉक्टर उथॉफ यांनी हे १८९० मध्येच नोंदवलं होतं. कूलरसमोर बसून अंग थंड झालं की पाय पूर्ववत होतो, आणि त्यानं नवीन इजा होत नाही. तेव्हा एसी लावलेल्या खोलीत सकाळी दहाला घेतलेली चाचणी आणि मे महिन्यात दुपारी दोनचं तुमचं चालणं, यांची तुलनाच होत नाही. दर वेळी चाचणी त्याच वेळेला, त्याच चपला-बुटांत द्या. मात्र थंडाव्यात बसूनही त्रास २४ तासांहून जास्त राहिला, तर न्यूरोलॉजिस्टना फोन करा. ताप किंवा लघवीला जळजळ असेल तर तेही सांगा, कारण संसर्गानंही पाय असाच ढिला पडतो.

सासूबाईंसाठी एक सुचवते. एमएसडब्ल्यूएस-१२ नावाची बारा प्रश्नांची यादी आहे. गेल्या दोन आठवड्यांत जिने चढणं, उभं राहणं, तोल सांभाळणं किती जड गेलं, चालताना लक्ष एकवटावं लागलं का, असं ती विचारते. फिजिओथेरपिस्टकडून ती घ्या आणि सासूबाईंना शेजारी बसवून भरा. प्रश्न त्यांनाच वाचू द्या. बाहेरून न दिसणारे कष्ट त्या कागदावर दिसतात, आणि ते तुम्ही एकटीनं समजावत बसायचं कारण नाही.

प्रश्न : पत्नीला हाच आजार आहे. काठी घेतली तर पाय आळशी होईल, म्हणून मी तिला अडवतो. बरोबर ना? – एक वाचक, मानेवाडा

उत्तर : दादा, अडवू नका. काठीनं पाय कमजोर होत नाही. पडण्याच्या भीतीनं घरात बसून राहिलं की होतो. काठी कमजोर पायाच्या उलट्या हातात धरायची आणि सरळ उभं राहून हात खाली सोडला की मूठ मनगटाच्या रेषेत यायला हवी. चाचण्याही काठीसकट देता येतात, फक्त कागदावर तशी नोंद करून घ्या. चवडा खाली लोंबत असेल तर घोट्याचा स्प्लिंट लागेल का, हे दाखवून ठरवा. आणि काठीची रबरी टोपी झिजली की लगेच बदला, ओल्या फरशीवर ती सटकते.