कुकरची शिट्टी झाली तरी टेबलाखाली जातो!

प्रश्न : ताई, आम्ही डहाणूजवळ राहतो. मुलगा दुसरीत आहे. मागच्या आठवड्यात शाळेत भूकंपाचं मॉक ड्रिल झालं, आधी काही सांगितलं नव्हतं, एकदम सायरन आणि सगळे बाकाखाली. तेव्हापासून कुकरची शिट्टी झाली तरी हा टेबलाखाली जातो, रात्री एकटा झोपत नाही. पुढच्या महिन्यात परत ड्रिल आहे, त्या दिवशी घरीच ठेवू का?

उत्तर : अजिबात नको! तुमच्याकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्के बसायला लागले, म्हणजे हे ड्रिल नुसतं कागदावरचं नाही. पण न सांगता सायरन वाजवला ही शाळेची चूकच, लहान वर्गांना आदल्या दिवशी सांगा म्हणून बाईंना भेटून बोला.

घरी खेळ म्हणून करा. तो "भूकंप!" म्हणून ओरडणार आणि तुम्ही, बाबा, आजी सगळ्यांनी खाली बसायचं, डोकं टेबलाखाली, एका हाताने टेबलाचा पाय घट्ट धरायचा, टेबल सरकलं तर आपणही त्याच्याबरोबर सरकायचं. आजीला वाकता येत नसेल तर तिने खुर्चीतच बसून उशी डोक्यावर धरायची, पोरं त्यावर जाम हसतात आणि हसली की निम्मी भीती जाते. टेबल नसेल तिथे आतल्या भिंतीशी, डोक्यावर दप्तर, कपाटापासून आणि काचेपासून लांब. हलायचं थांबलं की मगच बाहेर, तेही मोकळ्या जागेत, गल्लीत नाही. २००१ साली २६ जानेवारीला गुजरातमध्ये अंजारला फेरीला निघालेली शाळेची मुलं अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंची घरं अंगावर कोसळून दगावली, (हे तुमच्यासाठी सांगतेय, त्याला नका सांगू).

आणि एक, "काही होत नाही रे" असं म्हणू नका, धक्के त्याला स्वतःला जाणवतात, मग तो तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. बहुतेक मुलांना जमीन हलण्यापेक्षा आई कुठे असेल याची जास्त भीती असते, म्हणून त्याला विचारा, सायरन वाजला तेव्हा तुझ्या मनात काय आलं? मग नक्की ठरवून सांगा, मी किंवा आजी ग्राउंडवर घ्यायला येणार, दुसरं कुणीही बोलावलं तर जायचं नाही, बाईंजवळ थांबायचं. शाळेतही तीच दोन नावं लिहून द्या. फोन लागेलच असं नाही, तरी तुमचा नंबर आणि ११२ हा आपत्कालीन मदतीचा नंबर त्याच्याकडून पाठ करून घ्या, आमच्या शेजारच्या मुलीने तर पाढ्यासारखा चालीवर म्हणून पाठ केलाय.