गणिताच्या मॅडमचं सर्टिफिकेट नक्की कशाचं?

प्रश्न: ताई नमस्कार. माझी मुलगी सातवीत आहे, सीबीएसई, शाळेचं नाव लिहीत नाही. गणिताच्या मॅडम बी.एससी. बॉटनी-झूऑलॉजीवाल्या आहेत, बी.एड. आणि सीटेट, म्हणजे केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा, झालेल्या. बाई स्वभावाने चांगल्या, ओरडत नाहीत, पण अपूर्णांकाच्या भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा असं मुलीने विचारलं तर म्हणाल्या, "रूल है बेटा, याद कर लो." आता पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरतंय की शाळेला लेखी द्यायचं, सर्टिफाइड मॅथ्स स्पेशालिस्टच हवा म्हणून. आमच्या कॉलनीतल्या कोचिंगच्या बोर्डवर तसं लिहिलेलं पण आहे. असं काही सरकारी सर्टिफिकेट असतं का? आणि शाळा नियम मोडतेय का?
– एक आई, सुदामा नगर, इंदूर

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते कारण ते लगेच संपतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी शाळा कुठलाही नियम मोडत नाहीये, आणि माझ्या मते खरी गडबड तिथेच आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या शेवटी एक अनुसूची आहे, शाळेत कमीत कमी काय काय हवं त्याची. त्यात सहावी ते आठवीसाठी लिहिलंय की विज्ञान आणि गणित मिळून किमान एक शिक्षक, सामाजिक शास्त्राला एक, भाषांना एक. म्हणजे कायद्याने गणिताला स्वतःचा मास्तर दिलेलाच नाही, सायन्सबरोबर एकाच खोलीत बसवलंय. मग एनसीटीईने, म्हणजे शिक्षकांचं ट्रेनिंग बघणाऱ्या राष्ट्रीय परिषदेने, २३ ऑगस्ट २०१० ला शिक्षकांची पात्रता ठरवली, त्यात सहावी ते आठवीसाठी ग्रॅज्युएशन, ट्रेनिंग आणि टेट (सीटेट किंवा राज्याची तशीच परीक्षा) हे तिन्ही मागितलं, पण ग्रॅज्युएशन कशात हे विचारलं नाही. तुमच्या मॅडमचं बॉटनी इथे आरामात बसतं.

आता सीटेटचा पेपर दोन बघा, सायन्स-मॅथ्सवाल्यांचा. एकूण १५० प्रश्न, १५० मार्क. बालमानसशास्त्र ३०, दोन भाषा ३०-३०, आणि गणित-विज्ञान मिळून ६०. त्या ६० मधलं गणित ३०, आणि त्यातलेही १० प्रश्न कसं शिकवावं याबद्दलचे, म्हणजे निव्वळ गणिताचे उरले २०. पास व्हायला जनरल कॅटेगरीत ६० टक्के म्हणजे ९० मार्क, आणि प्रत्येक विभागात वेगळं पास व्हायची अट नाही, निगेटिव्ह मार्किंगही नाही. हिशोब तुम्हीच करा, गणिताच्या तीसच्या तीस प्रश्नांत भोपळा मिळाला तरी बाकीच्या १२० मधून ९० काढून माणूस सातवीला गणित शिकवायला पात्र. तुमच्या मॅडमना किती मिळाले मला माहीत नाही, बिचाऱ्यांना पूर्ण तीस पण असतील, पण सर्टिफिकेट बघून ते तुम्हाला कळणार नाही एवढंच म्हणायचंय.

आपल्या मध्य प्रदेशात सरकारी शाळांची गोष्ट जरा बरी आहे. तिथे माध्यमिक शिक्षक, म्हणजे ज्याला सगळे 'वर्ग दो' म्हणतात, त्याची भरती विषयवार होते, गणित वेगळं आणि विज्ञान वेगळं. 'वर्ग एक'ला, म्हणजे वरच्या इयत्तांच्या शिक्षकाला, तर त्या विषयात पोस्ट ग्रॅज्युएशन लागतं. त्यामुळे गंमत अशी होते की फी भरून प्रायव्हेटमध्ये घातलेल्या मुलापेक्षा सरकारी शाळेतल्या मुलाला कागदावर तरी गणितवाला शिक्षक मिळायची शक्यता जास्त. (कागदावर म्हणतेय. त्या पदावर प्रत्यक्षात अतिथी, म्हणजे तात्पुरता, शिक्षक असेल तर तो कुठून कसा आला हे ज्याने त्याने जाऊन बघावं.)

तर वेगळं "गणित विशेषज्ञ" असं सरकारी लायसन्स आपल्याकडे नाही. कोचिंगच्या बोर्डावरचं 'सर्टिफाइड' कोणी सर्टिफाय केलं ते आत जाऊन विचारा, बहुतेक वेळा एखादी ऑनलाइन कंपनी नाहीतर ते स्वतःच निघतात. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंगसाठी गाइडलाइन्स काढल्या, त्यात शिकवणारा किमान ग्रॅज्युएट हवा एवढंच आहे, विषयाचं नाव नाही. आणि हो, त्याच गाइडलाइन्समध्ये १६ वर्षांखालच्या मुलांना घेऊ नका असंही आहे, फक्त त्या ५० पेक्षा जास्त मुलं असलेल्या सेंटरना लागू, आणि राज्याने अमलात आणल्या तरच त्यांना दात.

आता मूळ मुद्दा, तुम्ही ग्रुपवर जे लेखी देणार आहात ते द्यावं का. मला वाटतं या शब्दांत देऊ नका. कारण 'स्पेशालिस्ट हवा' म्हटलं की शाळा काय करेल, एम.एससी. मॅथ्स झालेला कोणीतरी आणून उभा करेल, तुम्ही खूश, आणि तो पण म्हणेल रूल है बेटा. गणितात डिग्री असणं आणि सातवीचं गणित का तसं आहे हे माहीत असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

यावर लिपिंग मा नावाच्या बाईंचं एक काम आहे, १९९९ मध्ये छापलेलं, शिक्षक घडवणारे लोक अजून त्याचा दाखला देतात. त्यांनी अमेरिकेतले २३ आणि चीनमधले ७२ प्राथमिक शिक्षक घेतले आणि एक उदाहरण दिलं, पावणेदोन भागिले अर्धा. करून दाखवा, आणि मुलांसाठी त्याची एक गोष्ट बनवा. चीनमधल्या सगळ्यांना उत्तर आलं. अमेरिकेतल्या निम्म्याहून कमी लोकांना पूर्ण बरोबर जमलं, आणि गोष्ट बनवताना तर पुष्कळ जणांनी दोघांत सारखं वाटण्याची गोष्ट सांगितली, म्हणजे अर्ध्याने भागायच्या ऐवजी दोनाने भागून बसले. तुम्हीही करून बघा आत्ता, घरातल्या इंजिनिअरलाही विचारा. पावणेदोन किलो पोहे आहेत आणि अर्ध्या अर्ध्या किलोच्या पुड्या बांधायच्यात, किती पुड्या होतील? साडेतीन. किलोभरात दोन पुड्या बसतात म्हणून पावणेदोनाला दोनने गुणलं, उलटं करून गुणा म्हणतात ते एवढंच आहे. हे ज्या शिक्षकाला फळ्यावर खडू टेकायच्या आधी सुचतं तो तुमच्या मुलीला हवाय.

आणि त्या अभ्यासातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ते चिनी शिक्षक अमेरिकेतल्यांपेक्षा कमी शिकलेले होते, साधारण नववीनंतर दोन-तीन वर्षांचं शिक्षक विद्यालय, बस. पण ते मुख्यतः गणितच शिकवायचे, आणि शाळेत सगळे गणितवाले नियमित एकत्र बसून पुढच्या धड्यावर बोलायचे, एकमेकांच्या तासाला जाऊन बसायचे. डिग्री बाहेरून आणलेली नव्हती, कौशल्य शाळेतच तयार होत होतं.

म्हणून सर्टिफिकेटच्या बाजूने आहे का मी, तर आहे, पण सगळ्यांना सक्ती नको. प्रत्येक शिक्षकाला स्पेशालिस्टची अट घातली तर सगळ्यात आधी गावाकडच्या शाळा रिकाम्या होतील आणि आपल्या कोचिंगवाल्या भंवरकुआंला नवीन बॅचचे फ्लेक्स लागतील, "मॅथ्स स्पेशालिस्ट क्रॅश कोर्स, ४५ दिन में". परीक्षा जर पुन्हा टिकमार्कवाली असेल तर तेच होणार, भिया लोक पाठांतरात आपल्यालाही मागे टाकतात. इंग्लंडमध्ये २००८ ला सर पीटर विल्यम्स यांच्या समितीने सुचवलं होतं की दहा वर्षांत प्रत्येक प्राथमिक शाळेला एक तरी गणित तज्ज्ञ शिक्षक मिळावा. मला ते डोकं पटतं. एका शाळेत एक, आणि त्याचं काम फक्त स्वतःचा वर्ग नाही तर बॉटनीवाल्या मॅडमबरोबर बसून अपूर्णांकाचा धडा आधी चाळणं हे पण. त्याला सर्टिफिकेट कोणी द्यायचं? ज्याने त्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसून काही तास बघितलेत त्याने. कुठल्या इयत्तांसाठी हेही त्यावर लिहिलेलं असावं, कारण बारावीचं कॅल्क्युलस झकास शिकवणारे सर तिसरीत हातच्याची वजाबाकी शिकवताना घामाघूम झालेले मी बघितलेत. आणि पगारात थोडा तरी फरक पडायला हवा, नाहीतर कोण कशाला करेल.

शाळेला पत्र द्यायचंच तर हे विचारा: सहावी ते आठवीचे गणिताचे शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसतात का, आणि सीबीएसई दर वर्षी शिक्षकांकडून जे ५० तासांचं ट्रेनिंग मागते त्यातले किती तास गणिताचे झाले. हे विचारल्याने मॅडमचा अपमान होत नाही आणि प्रिन्सिपलला उत्तर द्यावं लागतं.

प्रश्न: ताई, मी एम.एससी. मॅथ्स आहे, बी.एड. नाही. एका संस्थेचा तीन महिन्यांचा "मॅथ्स टीचर सर्टिफिकेशन" कोर्स आहे, सेमिनारमध्ये सांगत होते की बी.एड.च्या बरोबरीचा आहे. फी बरीच आहे. करू का?
– लोकमान्य नगर

उत्तर: नको गं. निदान बी.एड.च्या बरोबरीचा समजून तरी नको. शिक्षकाची नोकरी देणारी पात्रता फक्त एनसीटीईची मान्यता असलेल्या संस्थेतून मिळालेली चालते, १९९३ च्या त्यांच्या कायद्यातच आहे की मान्यता नसलेल्या ठिकाणाहून ट्रेनिंग केलं तर सरकारी आणि अनुदानित शाळेत नोकरीला ते धरत नाहीत. आणि बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालंय, तीन महिन्यांत त्याच्या बरोबरीचं कसं होईल हे त्या सेमिनारवाल्यांना विचारायचं होतंस. शिकायला म्हणून एखादा छोटा कोर्स केलास तर वाईट काही नाही, पण पैसे भरायच्या आधी मान्यतेचं पत्र मागून घे आणि एनसीटीईच्या साइटवर संस्थेचं नाव शोध. तुझी धाकटी बहीण वगैरे बारावीला असेल तर तिला भोपाळच्या आरआयईचा (रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन) चार वर्षांचा बी.एससी. बी.एड. बघायला सांग, विषय आणि ट्रेनिंग दोन्ही बरोबर होतं, वर्ष वाचतं.

प्रश्न: मी निवृत्त आहे, आयुष्यभर गणित शिकवलं. माझ्या मागचे सहकारी ४८-५० चे आहेत, कोर्टाने त्यांना आता टेट द्यायला लावली. वीस-वीस वर्षं रिझल्ट दिलेल्या माणसाला परीक्षेला बसवणं हा अपमान नाही का?
– राजेंद्र नगर

उत्तर: सर, तुमचा राग समजतो, पण आधी निकाल नीट बघू या, ग्रुपवर अर्धाच फिरतोय. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पहिली ते आठवी शिकवणाऱ्या, शिक्षण हक्क कायदा यायच्या आधी लागलेल्या शिक्षकांपैकी ज्यांची पाचपेक्षा जास्त वर्षं उरलीयत त्यांनी दोन वर्षांत टेट पास करायची. पाचपेक्षा कमी उरली असतील तर टेटशिवाय रिटायर होता येतं, फक्त प्रमोशन हवं असेल तर टेट लागेल. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या बेंचकडे पाठवलाय.

अपमान म्हणाल तर मला परीक्षेचा वाटत नाही, कुठली परीक्षा याचा वाटतो. पन्नाशीच्या गणिताच्या सरांना भाषेचे ६० प्रश्न सोडवायला बसवायचं, आणि ज्या गोष्टीत ते खरे तयार आहेत, म्हणजे पोरगं वजाबाकीत कुठे चुकणार हे त्याने पेन्सिल उचलायच्या आधी ओळखणं, ते कोणी तपासणार नाही. पण सर, रिझल्ट हा पुरावा म्हणून मला तितकासा पटत नाही हेही सांगते, रिझल्टमध्ये ट्यूशनचा वाटा किती आणि शाळेचा किती हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

सहकाऱ्यांना सांगा फॉर्म भरून टाका. सीटेट असो की राज्याची टेट, एकदा पास झालं की आता आयुष्यभर चालते, पूर्वीसारखी सात वर्षांत संपत नाही. आणि भाषेचे भाग सोडून नुसत्या गणितावर भरवसा ठेवू नका म्हणावं, वरचा हिशोब उलट्या बाजूनेही लागू आहे, ३० पैकी ३० घेऊनही ६० मार्क दुसरीकडून आणावेच लागतात.

प्रश्न: नातवाला अबॅकसला घालतोय, तिथल्या मॅडमकडे लेव्हल ८ चं सर्टिफिकेट आहे. चालेल ना?
– रामबाग

उत्तर: आजी, ते फ्रँचायझीचं अंतर्गत सर्टिफिकेट आहे, शिक्षक म्हणून सरकारदरबारी त्याला काही अर्थ नाही. नातवाला मजा येत असेल तर घाला, पण वर्षाची फी एकदम भरू नका, महिन्याची भरा.