मलेरियात रक्त वाहिलं नाही, तरी प्लेटलेट्स जातात कुठे?

तुम्ही लिहिलंय: धाकट्या भावाला वायवॅक्स मलेरिया (मलेरियाचा एक प्रकार) निघाला, प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) 62 हजार, हिमोग्लोबिन 10, सोनोग्राफीत पांथरी (प्लीहा, स्प्लीन) वाढून 15 सेंटिमीटर. रक्त कुठून गेलं नाही, मग पेशी गेल्या कुठे? आणि रविवारी त्याने फुटबॉलची मॅच खेळावी का?

मी डॉक्टर नव्हे. फोंड्याला लॅबमध्ये स्लाइडी बघण्यात बरीच वर्षं गेली, तेवढ्यावर सांगतो.

प्लेटलेट्स काही नष्ट होतात हे खरं, पण बऱ्याचशा जिवंत असतात. शुक्रवारी सकाळी गावात माणसं मोजली तर अर्धा गाव रिकामा दिसेल, कारण लोक म्हापशाच्या बाजारात! इथे पांथरी म्हणजे तो बाजार. एरवीही शरीरातल्या साधारण एक तृतीयांश प्लेटलेट्स तिथेच बसलेल्या असतात. पांथरी खूप वाढली तर 90 टक्क्यांपर्यंत तिथे अडकू शकतात. आम्ही मोजतो ते फक्त दंडातून काढलेलं रक्त.

तांबड्या पेशींचं तसं नाही, त्या खरंच मरतात. परजीवी शिरलेली पेशी पांथरीच्या अरुंद फटींतून नीट सुटत नाही आणि तिथल्या भक्षक पेशी तिला गिळतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं: परजीवी नसलेल्या कितीतरी पेशीही त्यात जातात. म्हणून स्लाइडवर परजीवी मोजकेच दिसतात, पण हिमोग्लोबिन घसरलेलं असतं. औषध सुरू झाल्यावरही ते काही दिवस उतरू शकतं, घाबरू नका.

पांढऱ्या पेशी मलेरियात बहुधा नॉर्मल किंवा थोड्या कमी. तिन्ही काऊंट खाली, पांथरी प्रचंड आणि ताप दोन आठवड्यांहून जास्त असेल, तर काळा आजार (वाळूमाशी चावून होणारा, दुसऱ्याच परजीवीचा ताप) आठवावा. तो गोव्यातला नव्हे, पण बिहार-झारखंडहून बांधकामावर आलेल्या माणसाला असू शकतो. त्यात परजीवी पांथरीबरोबर अस्थिमज्जेतही (हाडांतला मगज, जिथे रक्तपेशी बनतात) घुसतो, म्हणजे माल अडकतो आणि कारखानाही मंदावतो.

औषध लागू पडलं की प्लेटलेट्स बहुधा काही दिवसांतच चढू लागतात. पपईच्या पानांच्या रसाला फुकटचं श्रेय मिळतं ते यामुळेच. रक्तस्राव नसेल तर 62 हजारांवर सहसा प्लेटलेट्स चढवत नाहीत. प्रायमाक्विनचा (यकृतात लपलेले परजीवी मारणाऱ्या गोळीचा) कोर्स मात्र डॉक्टरांनी सांगितलाय तेवढा पुरा करा. त्याआधी जी-सिक्स-पीडी (तांबड्या पेशींतलं एक एन्झाइम; ते कमी असेल तर या गोळीने पेशी फुटतात) तपासलंय ना, विचारा.

मॅच नको. फुगलेली पांथरी कोपराच्या एका धक्क्याने फाटू शकते. परत सोनोग्राफी करून डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्याला बाहेर बसूनच ओरडू द्या.