कॉम्प्युटरच्या कॅबिनेटसाठी भरपूर हवा देणारा, पण आवाज न करणारा फॅन कसा निवडावा?

खोक्यावरच्या सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) आकड्यावर फार जाऊ नका. तो फॅनसमोर काहीच अडथळा नसताना मोजलेला असतो. तुमच्या कॅबिनेटला पुढे बारीक जाळी किंवा धूळ अडवणारा फिल्टर असेल, तर स्टॅटिक प्रेशर, म्हणजे अडथळ्यातून हवा ढकलायचा जोर, जास्त असलेला फॅन घ्या. लिक्विड कूलिंगच्या रेडिएटरलाही तोच लागतो. मागून हवा बाहेर काढायला कमी प्रेशरचा साधा फॅन चालतो.

आवाजाचं गणित वेगळं आहे. वेग निम्मा केला की हवा साधारण निम्मी होते, पण आवाज जवळजवळ १५ डेसिबलने उतरतो. म्हणून एकच फॅन बोंबलत फिरवण्यापेक्षा दोन सावकाश फिरवलेले बरे. जागा असेल तर १२० ऐवजी १४० मिमीचा घ्या, तेवढीच हवा कमी फेऱ्यांत मिळते.

चार पिनांचा पीडब्ल्यूएम फॅनच घ्या, म्हणजे मदरबोर्डला त्याचा वेग कमी-जास्त करता येतो. उदाहरणार्थ, आर्क्टिक कंपनीचा पी१२ पीडब्ल्यूएम २०० ते १८०० आरपीएममध्ये (मिनिटाला फेऱ्या) फिरतो. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) फॅन कर्व्ह, म्हणजे कोणत्या तापमानाला किती वेग ते, लावून रोजच्या कामाला ८००च्या आसपास ठेवा. तिथेच वेग बदलायला काही सेकंदांचा उशीर लावा. नाहीतर ब्राउझर उघडला की घुर्रर्र, बंद केला की शांत. हा चढउतार सलग आवाजापेक्षा जास्त डोकं उठवतो. आणि फिल्टर धुवा हो, नवा फॅन घेण्याआधी.