मालिकांवर लिहिणारे समीक्षक, पेपरातले आणि यूट्यूबवरचे, तुम्हा चाहत्यांना पटतात का?

प्रश्नाच्या खाली असंही विचारलंय की आवडत्या मालिकेला कुणी झोडपलं तर राग येतो की मालिका बघणं सुटतं. राग येतो, बघणं काही सुटत नाही. पण राग टीकेचा येत नाही. टीका आम्ही घरबसल्या त्यांच्यापेक्षा जास्त करतो.

मी गोव्यातल्या फोंड्याचा. संध्याकाळी देवाजवळ दिवा लागला की आमच्याकडे मराठी वाहिन्या सुरू होतात आणि जेवणं होईपर्यंत रिमोटला कुणी हात लावत नाही. टीआरपी मोजणारी बार्क मराठी वाहिन्यांची बाजारपेठ 'महाराष्ट्र/गोवा' अशी एकत्रच धरते, म्हणजे गुरुवारी जे आकडे येतात त्यात गोव्याची घरंही असतात. समीक्षणात मात्र आमच्यासारखा प्रेक्षक एकाच रूपात भेटतो: डोकं बाजूला ठेवून बघणाऱ्या बायका. माझी आई मालिका बघताना डोकं बाजूला ठेवते असं ज्याला वाटतं, त्याने एकदा तिच्या शेजारी बसून बघावं. नायिकेने दार उघडायच्या आत दारात कोण उभं आहे हे ती सांगते, आणि दिग्दर्शकाने तीन वेळा चेहऱ्यावर कॅमेरा मारला की "आतां फाल्या" (आता उद्याच) म्हणून भात वाढायला उठते.

पगारी समीक्षकाची अडचण मला कळते. सिनेमा पूर्ण झालेला असतो, तो बघून शुक्रवारी-शनिवारी परीक्षण देता येतं. रोजची मालिका लिहिणाऱ्यालाही पूर्ण माहीत नसते. समीक्षक पहिला आठवडा बघतो, "वेगळा विषय, ताजी मांडणी" असं लिहितो आणि पुढच्या कामाला लागतो. तीन महिन्यांनी आकडे घसरले की नायिकेची नोकरी गुपचूप गायब होते, घरात एक कारस्थानी आत्या येते आणि वेगळा विषय गाळात जातो. ज्या मालिकेचं कौतुक छापून आलं ती आता अस्तित्वातच नाही, पण ह्यावर दुसरा लेख कुणी लिहीत नाही. त्यात मनोरंजनाच्या पुरवणीत जे येतं त्यातलं बरंचसं वाहिनीचं पत्रकच असतं, "मालिकेत येणार नवे वळण" छापाचं. ज्या बातमीदाराला पुढच्या आठवड्यात त्याच नायिकेची मुलाखत हवी आहे, तो तिच्या अभिनयाबद्दल काय लिहिणार?

हौशी लोकांचं बलस्थान इथेच आहे: ते रोज बघतात आणि विसरत नाहीत. एका मालिकेत सासऱ्यांना पक्षाघात झाला तेव्हा डावा हात लुळा दाखवला होता. गणपतीच्या भागांत तो उजवा झाला. पेपरात कुणाला पत्ता नव्हता, पण एका बाईंनी दोन्ही भागांचे फोटो शेजारी ठेवून फेसबुकवर टाकले आणि खाली लिहिलं, "बाप्पा पावला, निदान एक हात बरा झाला." असा निकाल कुठला पगारी समीक्षक देणार!

पण सगळेच हौशी असे नसतात. यूट्यूबवर "अखेर सत्य समोर!!" असं लाल अक्षरात लिहून बाण काढणारे जे आहेत ते समीक्षक नव्हेत, ते कालचा भाग आज मोठ्या आवाजात सांगतात. दुसरे ते, ज्यांना मालिका आवडतच नाही पण शिव्यांना लाइक मिळतात म्हणून रोज बघतात. त्यांची मला थोडी कीव येते.

गोव्यात बसून हा सगळा प्रकार फार जवळून दिसला तो 2021च्या एप्रिलमध्ये. करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं आणि बऱ्याच मराठी मालिका युनिटसकट गोव्यात आल्या. एरवी दिवाणखान्यात भांडणारं कुटुंब एकाएकी रिसॉर्टवर. हौशी मंडळींनी धमाल उडवली: भाडं कोण भरतंय, सासूबाईंनी येताना देव्हारा आणला का. विनोद चांगले होते, मीही पुढे पाठवले. पण रोजच्या मालिकेकडे तयार भागांचा साठा फारसा नसतो, चित्रीकरण थांबलं की थोड्याच दिवसांत जुने भाग लावावे लागतात आणि सेटवर रोजावर काम करणाऱ्यांची चूल थंडावते, हे त्या विनोदांत कुठेच नव्हतं. ते मला कळलं पेपरांतून, पगारी लोकांकडून. मेच्या सुरुवातीला इथले रुग्ण वाढत असताना चित्रीकरण कशाला, म्हणून विरोध झाला आणि एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा ह्या इथल्या सरकारी संस्थेने चित्रीकरणाच्या परवानग्या मागे घेतल्या. मग तीच कुटुंबं आणखी कुठल्या कुठल्या राज्यांत गेली. ह्या काळात मला दोन्ही जातींचे समीक्षक लागले. एकाने हसवलं, दुसऱ्याने पडद्यामागचं सांगितलं.

'रात्रीस खेळ चाले' ही भुताखेतांची मालिका 2016 साली सुरू झाली तेव्हाचं वेगळंच. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीत, म्हणजे आमच्या गोव्याच्या उत्तर टोकाला असलेल्या पेडण्यापासून फार लांब नाही. लांबून लिहिणाऱ्याला त्यातली बोली सरसकट मालवणी वाटते. पेडण्याच्या माणसाला मात्र कुठल्या नटाचा हेल खरा आणि कोण दोन वाक्यांनंतर पुण्याला पोचतो, हे डोळे मिटून कळतं. सिंधुदुर्गात ह्या मालिकेवर अंधश्रद्धेवरून आक्षेप घेतले गेले. ते सगळे मला पटले नाहीत, पण ती आपल्या गावाबद्दल बोलणाऱ्या माणसांची समीक्षा होती आणि पेपरातल्या ताऱ्यांपेक्षा तिच्यात जीव होता.

खरं तर पगारी आणि हौशी हा भेद गोव्यात आम्हाला तितकासा कळत नाही. इथे जत्रेला गावचीच पोरं मराठी नाटक करतात आणि दुसऱ्या दिवशी तिठ्यावर त्याची चिरफाड होते. चिरफाड करणाऱ्यांतल्या निम्म्यांनी स्वतः कधीतरी तोंडाला रंग लावलेला असतो. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेचा निकाल लागला की परीक्षकांचंच परीक्षण सुरू होतं. बाहेरही ही भिंत पातळच आहे. अमेरिकेत ॲलन सेपिनवॉल कॉलेजात असताना इंटरनेटवर एका पोलिसी मालिकेच्या भागांवर हौसेने लिहायचा, त्यातून त्याला वर्तमानपत्रात टीव्ही समीक्षकाची नोकरी मिळाली. आणि 2016 मध्ये एमिली नुसबॉमला द न्यू यॉर्कर ह्या मासिकातल्या टीव्ही समीक्षेसाठी पुलित्झर मिळालं. टीव्हीवर गंभीरपणे लिहिणं म्हणजे वेळ घालवणं नव्हे, हे तिथे मान्य झालेलं आहे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: समीक्षक पगारी आहे की हौशी हे मी बघत नाही, त्याने मालिका किती बघितली आहे ते बघतो. शंभर भाग बघून "आता बंद करा" म्हणणारा मला चालतो. प्रोमो बघून उपदेश करणारा चालत नाही, मग त्याच्या नावाखाली केवढंही मोठं पद छापलेलं असो.

एक विषय मात्र दोघांनीही सोडून दिलाय, निदान माझ्या वाचनात तरी नाही. मालिकेत गोव्यातलं पात्र आलं की ते फुलाफुलांचा शर्ट घालतं, प्रत्येक वाक्याला "मॅन" म्हणतं आणि दुपारपासून पिऊन असतं. फोंडा, डिचोली, सत्तरीत देवळाच्या चौकात मराठी भजनं म्हणत मोठी झालेली माणसं ह्या मालिकांच्या गोव्यात राहतच नाहीत. ह्यावर कुणी धड लिहिलं असेल तर खाली लिंक द्या. यूट्यूबचीही चालेल.