नेत्याकडे ‘व्हिजन’ आहे म्हणतात, ते ओळखायचं कसं?

नवी मुंबईत राहत असाल तर उत्तर पायाखालीच आहे. 1960च्या दशकात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आणि प्रविणा मेहता, तसंच अभियंता शिरीष पटेल यांनी खाडीपल्याडच्या शहराची कल्पना मांडली. 1970 साली ते शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली. ही दूरदृष्टीच. पण ज्या आगरी-कोळ्यांची भातशेती, मिठागरं गेली, त्यांना त्या नकाशात जागाच नव्हती. 1984 मध्ये उरणजवळच्या जासईला जमिनीसाठीच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली, त्यांचे नेते दि. बा. पाटलांनी लढा नेटाने चालवला, आणि पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन पदरात पडली. टॉवरच्या आडोशाला आजही गावदेवीची जत्रा भरते, ती या लोकांची संस्कृतीतली दृष्टी. त्यामुळे भाषण ऐकताना मी एवढंच बघतो: तिथे आधीपासून राहणाऱ्याला विचारलंय का? घरी मुलाचं करिअर ठरवतानाही हेच बघा: त्याला विचारलंय का?