उर्राका मेसावरची भुतं, वीज आणि होकायंत्र

प्रश्न : अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या उर्राका मेसावर (मेसा म्हणजे सपाट माथ्याचा डोंगर) पाताळाचं दार आहे, मांजरांच्या मूर्ती ते राखतात आणि म्हणूनच तिथे होकायंत्र भरकटतं, असं वाचलं. यात तथ्य किती?

उत्तर : दाराची गोष्ट तिथल्या फिलमाँट स्काउट रँच या बालवीरांच्या शिबिरस्थळी शेकोटीभोवती रंगते आणि सांगणाऱ्यागणिक वाढते. होकायंत्राचं मात्र खरं असू शकतं. या सपाट माथ्यावर बेसॉल्टचा थर आहे आणि बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतं. खडकात वीज उतरली की तेवढा भाग चुंबकीय होऊन बसतो. पण परिणाम काही मीटरपुरताच. अख्खा डोंगर सुई फिरवत नाही.

पडताळून पाहायचं तर मोबाइल, चाकू, पट्ट्याचं बक्कल दूर ठेवा. होकायंत्र कमरेच्या उंचीवर धरून लांबच्या शिखराचा उत्तरेपासूनचा कोन घ्या, मग हळूहळू खडकाजवळ न्या. सुई सरकली तर दोष खडकाचा. त्याच शिखराच्या रोखाने सरळ ३० मीटर चालून पुन्हा कोन घ्या; आकडा तोच यायला हवा.

नवख्यांचा घोटाळा बहुधा वेगळाच असतो. तिथे चुंबकीय उत्तर, म्हणजे सुई दाखवते ती, खऱ्या उत्तरेच्या ७-८ अंश पूर्वेला आहे. ही दुरुस्ती राहिली की दर किलोमीटरला सव्वाशे-दीडशे मीटर चुकतात, आणि खापर भुतावर फुटतं!

प्रश्न : आणि माथ्यावर दिसणारे निळे दिवे?

उत्तर : सेंट एल्मोची आग हे एक कारण संभवतं. वादळी ढगाखाली काठीच्या टोकावर, तंबूच्या खांबावर निळसर-जांभळी चमक येते, बारीक चरचर ऐकू येते. भूत परवडलं, कारण आता वीज तिथेच पडू शकते. फोटो काढत थांबू नका, लगेच माथा सोडा. उतरताना एकमेकांत १५ मीटर अंतर ठेवा. एकट्या झाडाखाली उभे राहू नका, जमिनीवर आडवे पडू नका. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी गडगडाट नेहमीचाच, तेव्हा बाराच्या आत खाली या. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पुन्हा चढू नये.

प्रश्न : अकोमाजवळच्या 'मंतरलेल्या' मेसावर खरंच वस्ती होती?

उत्तर : पूर्वज कात्सिमोवर (हे याच मेसाचं स्थानिक नाव) राहत आणि वादळात चढायची वाट कोसळली, असं तिथले मूळ रहिवासी अकोमा लोक सांगत आले आहेत. १८९७ मध्ये प्रिन्स्टनचे प्राध्यापक विल्यम लिबी तोफेने दोर फेकून वर गेले आणि वस्तीची खूण नाही म्हणत उतरले. त्याच वर्षी मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉज शिड्या लावून चढले, त्यांना खापरं सापडली. त्यावरून माणसं वर जात होती एवढं नक्की; गाव होतं असं त्यातून सिद्ध होत नाही.